कॉलेजचं कलादालन : उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी तिथे कोण जातं?

आडवी_उभी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज राहवेना.

आमचं कॉलेज छोटं आहे. त्यात दोन कलादालनं आहेत, आणि ती सांभाळायचं काम माझ्या गळ्यात आहे (शिकवणं सांभाळून). एक दालन तळमजल्यावर, पूर्वी तिथे प्रयोगशाळा होती. दुसरं म्हणजे ग्रंथालयाकडे जाणारा रुंद व्हरांडा, त्याच्या एका भिंतीवर पॅनल ठोकलेत. वर्षाला पाच-सहा प्रदर्शनं होतात, आणि प्रत्येक प्रदर्शनासोबत चित्रकाराचं एक व्याख्यान.

गेल्या महिन्यात एका छापचित्रकार बाईंचं प्रदर्शन होतं. लाकूडठसे आणि एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून काढलेले ठसे). व्याख्यान वरच्या सभागृहात ठेवलं, कारण खुर्च्या तिथे आहेत. हजेरी लागणार म्हटल्यावर सभागृह भरलं. प्रोजेक्टरने त्यांचा गडद तांबडा रंग चक्क गाजरी दाखवला. चाळीस मिनिटं त्या बोलल्या, तेवढ्या वेळात हजेरीचा कागद रांगांमधून फिरत होता आणि मुलांचे डोळे त्या कागदामागे. मग "काही प्रश्न?" सन्नाटा. शेवटी पहिल्या रांगेतून एक प्रश्न आला : एक चित्र करायला किती वेळ लागतो?

निघताना त्या बाई अगदी सहज म्हणाल्या, "माझी चित्रं खाली आहेत, आणि आपण वर बसून त्यांचे फोटो बघितले."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. प्रदर्शन संपल्यावर अभिप्राय वही उघडली. पहिल्या दिवशीच्या ६४ सह्या. नंतरच्या तीन आठवड्यांत ११, त्यातल्या ४ माझ्याच, तारीख बदलून केलेल्या. (हसू नका.)

तुमच्यापैकी कुणी असं दालन चालवलंय का? चित्रकार म्हणून असं व्याख्यान दिलंय का? मागच्या बाकावर बसून ऐकलंय का? काय करायचं ते सांगा.

---

तिसरा_बाक

मागच्या बाकाबद्दल विचारलंत म्हणून हजर. मी तोच, हजेरीसाठी आलेला. आमच्याही कॉलेजात असं दालन होतं. तीन वर्षं त्याच्या दारावरून रोज गेलो आणि आत किती वेळा गेलो म्हणाल तर दोनदा. एकदा व्याख्यानाला आणि एकदा पाऊस आला म्हणून.

पण पावसाच्या त्या अर्ध्या तासात पाहिलेलं एक चित्र मला आजही आठवतं. रिकामी खुर्ची आणि तिच्यावर ठेवलेला टॉवेल. व्याख्यान कुणाचं होतं ते मात्र आठवत नाही.

---

खिळा_हातोडा

आधी एक प्रश्न, रागावू नका. चित्रं किती उंचीवर टांगता?

मी आयुष्यभर हेच काम केलंय, म्हणून सांगतो. लोक आत येऊन दोन मिनिटांत बाहेर पडतात त्याला निम्म्या वेळा टांगणी जबाबदार असते. लहान दालनात फार वर टांगायची सगळ्यांनाच सवय. नियम साधा आहे : चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटर. ही सरासरी माणसाच्या डोळ्यांची उंची धरलेली आहे. फ्रेमच्या वरच्या कडा एका रेषेत आणायचा मोह होतो, तो टाळा. मध्य रेषेत आणा.

खिळ्याचा हिशोब असा. चित्राची उंची ३० इंच, तिचे निम्मे १५. मागची तार बोटाने ताणून धरली की ती वरच्या कडेपासून ४ इंच खाली येते. म्हणजे ५७ अधिक १५ वजा ४. खिळा ६८ इंचांवर. ही तार सैल धरून मोजली की सगळी रांग खाली-वर होते आणि मग स्पिरिट लेव्हलला शिव्या घालत बसावं लागतं.

आणि दोन चित्रांत जागा सोडा हो! मिळालं तेवढं सगळं टांगायचं, ही कॉलेजांची जुनी खोड. बावीस चित्रं आली असतील तर चौदा लावा. उरलेली आठ भिंतीला पाठ करून आतल्या खोलीत ठेवा आणि मध्यावर बदला. त्या निमित्ताने माणूस परत येतो.

---

आडवी_उभी

@खिळा_हातोडा, मोजून आले. ६६ इंच! मध्य, वरची कड नव्हे. आमचा शिपाई सहा फुटी आहे आणि तो "डोळ्यासमोर" टांगतो. त्याच्या.

---

निळी_शाई

मी चित्रकार. अशी व्याख्यानं बरीच दिलीत. ताई, तुम्ही विचारलंय म्हणून मोकळेपणाने लिहिते.

उद्घाटनाच्या दिवशी व्याख्यान ठेवू नका. आदल्या रात्री दहापर्यंत मी फ्रेमा पुसत असते. डोकं रिकामं झालेलं असतं, लोकांनी चित्रं पाहिलेली नसतात, त्यामुळे विचारायला त्यांच्याकडे काही नसतं आणि सांगायला माझ्याकडे. मला दुसऱ्या आठवड्यात बोलवा. तोवर तुमच्या मुलांनी दोनदा तरी येता-जाता बघितलेलं असतं आणि एखाद्याचं तरी माझ्याशी भांडण तयार झालेलं असतं.

सभागृह नको. दालनात, चित्रांसमोर, उभ्याने किंवा घडीच्या स्टुलांवर. वीस-पंचवीस माणसं पुरे. सव्वाशे माणसांना मी "कलाप्रवास" सांगते, वीस माणसांना ठसा कसा फाटला ते सांगते.

शिवाय मला फसलेली कामं आणायला सांगा. कुणीच सांगत नाही! एचिंगमध्ये एकाच प्लेटचे टप्प्याटप्प्याने ठसे काढतात, दर वेळी थोडं आम्लात टाकून, थोडं खरवडून. असे सहा टप्पे टेबलावर ओळीने मांडले की एक शब्द न बोलता मुलांना कळतं, कुठे हात थांबायला हवा होता आणि थांबला नाही. माझ्या एका प्लेटचा चौथा टप्पा सहाव्यापेक्षा चांगला आहे. मुलं तो बरोबर ओळखतात, दर वेळी.

आणि एक व्यवहाराचं. मानधन, नेण्या-आणण्याचा खर्च, नुकसान झालं तर कोण भरणार, विक्री झाली तर कॉलेज त्यातलं काही घेणार का, हे आधी एका पानावर लिहून द्या. "मुलांना प्रेरणा मिळेल" हे मानधन नाही. चित्रं ताब्यात घेताना आणि परत देताना प्रत्येकाचा फोटो काढून जुना ओरखडा, डाग, फ्रेमचा टवका लिहून ठेवा, दोघांच्या सह्या घ्या. एकदा माझं एक चित्र कोपरा दुमडून परत आलं आणि "ते आधीपासूनच तसं होतं" असं मला ऐकवलं गेलं. कुठलं कॉलेज ते राहू दे.

---

कागदी_विमान

+१ वरच्या प्रतिसादाला. वाचनखूण साठवली.

---

रोखठोक

सगळे गोड बोलताहेत म्हणून मी कडू बोलतो. लहान कॉलेजला दालनं हवीतच कशाला, तेही दोन? वर्गखोल्या कमी पडतात, प्रयोगशाळेची जागा चित्रांना दिली, तिथे महिन्याला अकरा माणसं (त्यातल्या चार तुम्ही). आज कुठल्याही संग्रहालयातलं चित्र मोबाइलवर बोटांनी मोठं करून बघता येतं, ब्रशचा केस न केस दिसतो. भिंत कशाला अडवायची? तपासणी समितीला दाखवायला, एवढंच ना?

---

आडवी_उभी

@रोखठोक, तपासणी समितीचं काही अंशी खरं आहे. त्याच कारणाने दालन टिकून आहे हेही खरं.

बाकीचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. पण त्या बाईंच्या लाकूडठशाच्या मागच्या बाजूला त्यांनी मला हात फिरवू दिला होता. दाबामुळे कागद मागून उठलेला असतो. ते मोबाइलवर लागत नाही.

---

गणिताचे_मास्तर

@रोखठोक, मी गणित शिकवतो. चित्रकलेशी संबंध शून्य. गेली काही वर्षं मी माझा एक तास दालनात घेतो, म्हणून लिहितोय.

सुरुवात एका आकड्यापासून झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. सरासरी २७.२ सेकंद, मध्यक १७. (सरासरी आणि मध्यक यांत एवढा फरक का, हा माझ्या वर्गाचा पहिला प्रश्न. थोडी माणसं खूप वेळ थांबतात आणि सरासरी ओढतात.) म्हणजे जगातली उत्तमोत्तम चित्रं, आणि निम्मी माणसं १७ सेकंदांच्या आत पुढे.

याच्या उलट टोकाला हार्वर्डमधल्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स. त्या विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर तीन तास बसवतात. त्यांनी स्वतः कॉप्ली या अमेरिकन चित्रकाराचं १७६५ सालचं एक चित्र असं पाहिलं : एक मुलगा, टेबलावर साखळीला बांधलेली उडती खार, पाण्याचा पेला. खारीच्या पोटावरची झालर आणि मुलाच्या कानाचा आकार जुळतो, हे लक्षात यायला त्यांना ९ मिनिटं लागली. साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर पेल्याच्या व्यासाएवढंच आहे, हे दिसायला २१. कलेचा इतिहास शिकलेल्या, रोज चित्रं बघणाऱ्या माणसाला!

मी तीन तास कुठून आणू? मी वीस मिनिटं देतो. मोबाइल बाहेरच्या खोक्यात. एक चित्र निवडायचं, हलायचं नाही, दिसेल ते लिहायचं. "छान" लिहायला बंदी. पहिल्या पाच मिनिटांत मुलं कंटाळतात, चुळबुळ करतात. आठव्याच्या आसपास कुणीतरी मान तिरकी करतं. मग चालू. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिलं होतं : "सावली दोन बाजूंना पडली आहे, म्हणजे एकतर दोन सूर्य आहेत किंवा चित्रकाराने दोन दिवस बसून काढलं." पुढच्या आठवड्यात चित्रकार आला तेव्हा तिने हेच विचारलं. तो आधी हसला आणि मग गप्प झाला. चित्र खरोखरच सकाळी सुरू करून दुसऱ्या संध्याकाळी संपवलेलं होतं.

तुम्ही म्हणता तसं बोटांनी चित्र मोठं करता येतं, मान्य. पण तिथे वीस मिनिटं कुणी थांबत नाही. मीसुद्धा नाही.

---

रोखठोक

मास्तर, दोन सूर्यांबद्दल एक गुण. बाकी मत राखून ठेवतो.

---

मंद_वात

मी कागद आणि रंगांच्या जतनाचं काम करते. मूळ धाग्यात "व्हरांडा" आणि "छापचित्रं" हे दोन शब्द एकत्र वाचले आणि पोटात गोळा आला. खिडक्या आहेत का तिथे?

कागदावरच्या कामाला, म्हणजे जलरंग, छापचित्रं, छायाचित्रं, प्रकाश साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) ठेवतात. तैलरंग-अॅक्रिलिकला २००च्या आसपास चालतो. लक्स मोजायचं छोटं यंत्र मिळतं. मोबाइलवरचं अॅप अंदाजापुरतं ठीक. मुख्य गोष्ट ही की प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही. ५० लक्सला रोज आठ तास, अठरा दिवस, म्हणजे ७,२०० लक्स-तास. उजेडी व्हरांड्यात ५,००० लक्स असतील तर तेवढा प्रकाश दीड तासात होतो. तीन आठवड्यांचं आयुष्य दीड तासात.

आणि हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. चित्रकार मार्क रॉथकोने हार्वर्डसाठी मोठी भित्तिचित्रं केली. १९६४ मध्ये त्यांतली पाच एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लागली. मोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. त्याने वापरलेल्या किरमिजीत लिथॉल रेड नावाचं रंगद्रव्य होतं, ते उन्हात टिकत नाही. काही भाग तर उडत उडत फिकट निळ्यावर आला. १९७९ मध्ये चित्रं उतरवून गुदामात ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा चित्रांना हात न लावता प्रोजेक्टरने बिंदू-बिंदू हिशोब करून रंगीत प्रकाश टाकला आणि मूळ रंग "दिसवला". रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करायचे. लोक मुद्दाम त्या वेळेला थांबायचे म्हणे, रंग विझताना बघायला.

तेव्हा व्हरांड्यात कृपा करून तैलचित्रं, शिल्पं, मातीकाम लावा. कागद आतल्या दालनात. खिडकीला पांढरा जाड पडदा तरी.

---

आडवी_उभी

@मंद_वात, खिडक्या आहेत. पाच. पश्चिमेला. लाकूडठसे तिथेच होते. मला आज झोप येणार नाही.

---

जुना_अंक

थोडं वेगळ्या दिशेने. हे दालन सांभाळायचं काम एकट्या ताईंच्या गळ्यात का आहे? मुलांना द्या की.

हार्वर्डचाच विषय निघालाय तर, १९२९ मध्ये तिथल्या तीन विद्यार्थ्यांनी, त्यांतला एक लिंकन कर्स्टीन, समकालीन कलेसाठी स्वतःची संस्था काढून दुकानावरच्या दोन खोल्यांत प्रदर्शनं सुरू केली. विद्यापीठाचं मोठं संग्रहालय जे लावायला कचरत होतं ते ही पोरं लावत होती. १९३० मध्ये शिल्पकार अलेक्झांडर काल्डर आला तो चित्रं-शिल्पं न घेताच, तारेचं भेंडोळं आणि पक्कड घेऊन. तारेची शिल्पं तिथेच वळली. न्यूयॉर्कचं आधुनिक कला संग्रहालय उघडलं ते १९२९च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे या पोरांच्या नंतर काही महिन्यांनी.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्याच ओबर्लिन कॉलेजचं. १९४० पासून तिथे विद्यार्थी कॉलेजच्या संग्रहातली अस्सल चित्रं सत्रभरासाठी आपल्या खोलीवर नेतात, ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तशी. त्यासाठी रात्रभर रांगेत बसतात. आणि शांतिनिकेतनात कला भवनातली "कालो बारी", माती आणि डांबराची काळी इमारत, बाहेरून उठावशिल्पांनी भरलेली, हे विद्यार्थ्यांचं वसतिगृहच होतं. नंदलाल बोस, रामकिंकर आणि विद्यार्थ्यांनी मिळून ती शिल्पं केली. चित्र बघायला कुठे जायचा प्रश्नच नव्हता, जायचं ते झोपायला.

---

निळी_शाई

@जुना_अंक, चित्र खोलीवर न्यायला द्यायचं असेल तर माझं देऊ नका हो, कोपरा आठवतो :)

गंमत सोडा, मुलांना काम द्यायचं हे शंभर टक्के. पण "स्वयंसेवक" म्हणून खुर्च्या उचलायला नव्हे. निवड त्यांना करू द्या, चूक झाली तरी.

---

तिसरा_बाक

चित्राशेजारी जे निवेदन लावतात त्यावर कुणीच बोललं नाही? "प्रस्तुत चित्रमालिका अस्तित्व आणि अवकाश यांच्यातील सीमारेषांचा शोध घेते." मी त्या शब्दांना घाबरून बाहेर पडलेला माणूस आहे. वाटायचं, हे कळणाऱ्या लोकांसाठी आहे.

---

निळी_शाई

मी असली निवेदनं लिहिलीत. कबूल. मागितली जातात म्हणून लिहिते, आणि काय लिहायचं ते सुचत नाही म्हणून तशी लिहिते.

---

गणिताचे_मास्तर

यावर एक उपाय. अॅबिगेल हाउझेन आणि फिलिप येनवाइन यांनी चित्रं बघायला शिकवण्याची एक पद्धत बांधली आहे, तिच्यात तीनच प्रश्न असतात. या चित्रात काय चाललंय? असं कशावरून वाटलं? अजून काय सापडतंय? शिकवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही, चुकीचं म्हणायचं नाही, फक्त चित्रावर बोट दाखवत मुलांचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगत राहायचं. मधला प्रश्न सगळ्यात कामाचा, गणितातही : "कशावरून?"

निवेदनाच्या जागी मोठ्या अक्षरांत एवढं लिहा : कशावर केलंय, कशाने केलंय, आणि चित्रकाराने स्वतःच्या बोलीत सांगितलेली एक गोष्ट. पन्नास-साठ शब्द. त्याहून लांब मजकूर उभ्याने कुणी वाचत नाही.

---

आडवी_उभी

*(दोन महिन्यांनंतर)*

धागा वर काढतेय. नवीन प्रदर्शन आज उतरवलं.

व्हरांड्यात यावेळी मातीकाम होतं, आतल्या दालनात जलरंग. पाचही खिडक्यांना पडदे शिवले. मध्य ५७ इंच. शिपाईदादा आधी नाराज होते, "सगळं बुटकं दिसतंय" म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून एक फ्रेम टेपने मोजून सरळ केली.

निवड सहा मुलांनी केली. एकोणीस चित्रांतली अकरा लावली. त्यांनी वगळलेलं एक चित्र मला फार आवडलं होतं, ते गिळावं लागलं. मध्यावर चार बदलली, तेव्हाही त्यांनी ते घेतलं नाही!

व्याख्यान बाराव्या दिवशी, दालनात, हजेरी नाही. २३ जण आले. प्राचार्यांना आकडा सांगताना माझा आवाज जरा बारीक झाला, खोटं कशाला बोलू. चित्रकार फसलेले नऊ कागद घेऊन आले आणि टेबलावर पसरून म्हणाले, यातला कुठला वाचवता आला असता सांगा. पाऊण तास ठरला होता, दीड तासाने मी दिवे घालवले.

सगळं जमलं असं नाही. लेबलं लिहायला मुलांनी इतका उशीर केला की पहिले दोन दिवस चित्रं विनालेबलाची होती. मास्तरांसारखा तास घ्यायला इतर विभागांतल्या सहा जणांना विचारलं, एकच तयार झाली, भूगोलाची. तिचा वर्ग एका निसर्गचित्रासमोर बसून नदी कुठल्या दिशेला वाहते यावर भांडला.

अभिप्राय वहीत पहिल्या दिवशी ३८ सह्या, नंतर ५७. माझी एकही नाही. एक नाव सात वेळा आहे, पहिल्या वर्षाचा मुलगा, वाणिज्य शाखेचा. सहा वेळा नुसती सही. सातव्या वेळी लिहिलंय : "डावीकडून तिसरं. पाणी आज कळलं."

---

रोखठोक

डावीकडून तिसरं कुठलं होतं?

---

आडवी_उभी

विहिरीचं. आता उतरवलंय, आतल्या खोलीत भिंतीला पाठ करून ठेवलंय. सोमवारी परत जाणार. त्याआधी आलात तर दाखवते.